पूर्तधर्म आणि पूर्तता
(वैनगंगेच्या खोऱ्यातील महत्कार्यांचा एक वृत्तान्त)

धर्मशास्त्रकारांनी सत्कर्मांचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञयाग, होमहवन, अतिथिपूजन यांची गणना इष्टात होते. विहिरी, तलाव, देवालये, अन्नसत्रे आणि उपवने लोकांच्या उपयोगासाठी निर्माण करणे याला पूर्त म्हणतात. इष्टाचा अधिकार मर्यादित होता, पूर्ताचा अधिकार मात्र सर्व वर्णांना होता. किंबहुना काही स्मृतिकारांनी पूर्ताची योग्यता इष्टाहूनही वरची मानली आहे, कारण त्याचे फल कर्त्याच्या घरी न थांबता तहानलेल्याच्या ओंजळीपर्यंत पोहोचते.

या शब्दाच्या पोटातच एक अट दडलेली आहे. 'पूर्त' हा शब्द भरणे, पुरे करणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. जे पुरे झाले ते पूर्त. ज्या तलावाचा बांध अर्धा उभा राहिला, ज्या धर्मशाळेला छप्पर चढले नाही, ज्या कालव्याचे पाणी शेताच्या कोसभर अलीकडेच थांबले, त्यावर कितीही द्रव्य खर्ची पडलेले असो, पूर्त या संज्ञेस ते पात्र ठरत नाही. म्हणून मोठे बांधकाम ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या खर्चात पार पाडणे हा केवळ स्थापत्यविशारदांचा विषय नाही. तो धर्माचाही विषय आहे.

आपल्या पूजाविधीत प्रत्येक कर्माआधी संकल्प सोडण्याची रीत आहे. हातावर उदक घेऊन यजमान प्रथम देशाचा, मग कालाचा उच्चार करतो आणि त्यानंतर आपण कोणते कर्म कशासाठी करणार हे सांगतो. देश, काल आणि कर्म ही तीन निश्चित झाल्याखेरीज उदक खाली सोडत नाहीत. महत्कार्याचे अंदाजपत्रक हाही असाच एक संकल्प होय. तो अपुरा राहिला, तर पुढे काय घडते याची उदाहरणे वैनगंगेच्या खोऱ्यात भरपूर आहेत. तत्पूर्वी प्राचीनांनी ही कसोटी कशी लावली, हे पाहणे उचित होईल.

सुदर्शन तलावाची साक्ष

सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी एका प्रचंड शिळेवर तीन राजवटींचे लेख कोरलेले आहेत. त्यांतील महाक्षत्रप रुद्रदामनचा लेख संस्कृत गद्यातील सर्वांत जुन्या दीर्घ लेखांपैकी एक म्हणून पाठशाळांतून आदराने अभ्यासिला जातो. भाषेच्या सौष्ठवाकडे लक्ष वेधले गेल्यामुळे त्याचा विषय मात्र अनेकदा मागे पडतो. तो विषय आहे फुटलेल्या एका बांधाची दुरुस्ती.

चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने सुदर्शन नावाचा तलाव बांधविला. अशोकाच्या काळी यवनराज तुषास्फ याने त्याला पाण्याचे पाट काढले. पुढे इ. स. १५० मध्ये मार्गशीर्ष महिन्यात अवकाळी अतिवृष्टी झाली. सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादी नद्यांना महापूर आला आणि बांधाला ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल खिंडार पडले. सारे पाणी वाहून गेले. खिंडाराचा आकार पाहून राजाच्या मतिसचिवांनी आणि कर्मसचिवांनी, म्हणजे सल्ला देणाऱ्यांनी आणि काम करणाऱ्यांनीही, हात टेकले. पुन्हा बांध होणार नाही असे समजून प्रजेत हाहाकार झाला. अशा वेळी आनर्त-सुराष्ट्राचा अधिकारी सुविशाख याने हे काम अंगावर घेतले आणि पूर्वीपेक्षा तिप्पट मजबूत सेतू उभा केला.

या कार्याची प्रशंसा करताना लेखकाने कोणत्या गोष्टी नोंदविल्या, हे विशेष पाहण्याजोगे आहे. नागरिकांवर आणि ग्रामजनांवर जादा कर बसविला नाही, वेठबिगार घेतली नाही, सक्तीच्या 'प्रेमभेटी' उकळल्या नाहीत. खर्च राजाच्या स्वतःच्या कोशातून झाला. आणि फार दीर्घ काळ लागू न देता काम पुरे झाले. म्हणजे कोश, काल आणि प्रजा अशी ही त्रिविध कसोटी आहे. तिघांपैकी एकाचा बळी देऊन उरलेली दोन साधणे कठीण नसते. प्रजेला वेठीस धरले की काल आणि कोश दोन्ही वाचतात. तिन्ही एकत्र सांभाळणे हाच खरा पुरुषार्थ, असे त्या लेखाचे सांगणे आहे.

तीन शतकांनी हाच बांध पुन्हा फुटला. त्याच शिळेवरील स्कंदगुप्ताच्या लेखावरून असे दिसते की गुप्त संवत् १३६ च्या भाद्रपदात तलाव फुटला आणि संवत् १३७ मध्ये, पुढील पावसाळ्यापूर्वी, प्रांताधिकारी पर्णदत्त याचा पुत्र चक्रपालित याने दोन महिन्यांत तो बांधून काढला. बांधाची लांबी, रुंदी आणि उंची लेखात हातांच्या व पुरुषांच्या मापाने दिलेली आहे. फुटण्याचा दिवस, पूर्ततेचा काळ आणि कामाचे माप या तिन्हींची नोंद दगडावर कोरून ठेवणारा अधिकारी आपल्या कामाची तपासणी होईल याला भीत नसला पाहिजे.

कौटिल्याची हिशेबवही

राजाच्या कृपेवर किंवा एखाद्या सुविशाखाच्या कर्तबगारीवर सर्व भार टाकणे कौटिल्यास मान्य नव्हते. त्याने अर्थशास्त्रात कामाची रीतच बांधून दिली. अक्षपटलाच्या, म्हणजे हिशेबकचेरीच्या, निबंधपुस्तकात प्रत्येक कारखान्याला लागलेले द्रव्य, त्यातील वाढ व घट, झालेला व्यय, वेतन आणि श्रम यांची नोंद असावी असे तो सांगतो. महसुलाच्या प्रकरणात त्याने करणीय, सिद्ध, शेष, आय, व्यय आणि नीवी अशी सहा सदरे दिली आहेत: वसूल करावयाचे किती, झाले किती, राहिले किती, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. ही सदरे बांधकामास लावून पाहिली तर त्यांतील शहाणपण तात्काळ ध्यानी येते. बहुतेक बांधकामांच्या वहीत शेवटची तीनच सदरे भरलेली असतात. निम्मे पैसे खर्च झाले हे सर्वांना ठाऊक असते. निम्मे काम झाले की चौथाई, हे कोणी विचारलेले नसते. करणीय, सिद्ध आणि शेष ही सदरे जमाखर्चाच्या शेजारी त्याच पानावर असतील, तर चूक वर्षअखेर न उमजता महिनाअखेर उमजते.

कारागिरांच्या प्रकरणात तर मुदतीचा नियम स्पष्टच आहे. कारागिराने देश, काल आणि कार्य निश्चित करून काम करावे. काळ उलटल्यास वेतनाचा चतुर्थांश कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड करावा. दैवी आपत्ती ओढवली असल्यास मात्र हा दंड लागू नये. पूजेतील संकल्पाची तीन पदे आणि कराराची तीन पदे येथे एकच आहेत, हा केवळ योगायोग मानता येत नाही. दोन्ही ठिकाणी मनुष्य आपल्याच वचनाने स्वतःला बांधून घेत असतो.

गावचा तलाव

गिरनारचा सुदर्शन आणि आपला प्रदेश यांत अंतर फार असले, तरी धागा अगदीच तुटलेला नाही. रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरातील शिलालेखातही सुदर्शन नावाच्या जलाशयाचा उल्लेख वाचला गेला आहे. तो लेख वाकाटकांच्या काळातील असून वाकाटकांची सत्ता या भागात होती, हे बालाघाट आणि तिरोडी येथे सापडलेल्या त्यांच्या ताम्रपटांवरून सिद्ध आहे. जलाशय बांधणे हे राज्यकर्त्याचे व गृहस्थाचे कर्तव्य होय, ही समजूत या भूमीत दीड हजार वर्षे तरी रुजलेली आहे.

भंडारा आणि बालाघाट भागांतील जुने मालगुजारी तलाव ही त्या समजुतीची सर्वांत बोलकी साक्ष. कोहळी समाजातील जाणत्यांनी उताराचा, नाल्याचा आणि मातीचा अदमास घेऊन हे तलाव बांधले आणि त्यांच्या भरवशावर धानाची शेती पिकविली. त्यांच्या अंदाजपत्रकांचे कागद नाहीत, पण ती कामे पुरी झाली एवढे तलावच सांगतात. त्याचे कारण शोधू गेल्यास एक गोष्ट दिसते. ज्याचा पैसा, ज्याचे श्रम आणि ज्याचे धान, ते सारे एकाच गावचे होते. रोहिणीपूर्वी बांध पुरा झाला नाही, तर त्या दिरंगाईचा फटका दिरंगाई करणाऱ्याच्याच घरात बसत असे. मोठ्या कामांत ही तीन माणसे एकमेकांपासून दूर जातात. पैसा देणारा एका राजधानीत, बांधणारा दुसऱ्या शहरात आणि वाट पाहणारा शेतकरी बांधावर. उशिराची किंमत पहिल्या दोघांना कागदावर दिसते. तिसऱ्याला ती प्रत्येक हंगामात मोजावी लागते. मोठ्या कामांच्या दुखण्याचे मूळ येथे आहे.

छोटी लाईन आणि मोठी लाईन

१८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण झाला, त्यानंतरचे या भागातील पहिले महत्कार्य म्हणजे सातपुड्यातील छोटी रेल्वे. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने अडीच फूट रुंदीचा हा मार्ग १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांच्या मागोमाग पूर्ण केला. १९०३ साली गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूरपर्यंत आणि १९०५ पर्यंत जबलपूरपर्यंत गाडी पोहोचली. घाट, नाले आणि घनदाट साल-सागवानाचे अरण्य यांतून कुदळ-फावड्याच्या बळावर इतक्या अल्पावधीत रुळ टाकले गेले, ही गोष्ट आजही थक्क करते.

याच मार्गाचे मोठ्या लाईनीत रूपांतर करण्यास १९९६-९७ मध्ये मंजुरी मिळाली. अंदाज ५०० कोटींच्या घरातला होता. गोंदिया-बालाघाट हा पहिला टप्पा २००५ च्या सुमारास खुला झाला. पुढचा मार्ग कान्हा आणि पेंच या दोन व्याघ्रक्षेत्रांना जोडणाऱ्या वनपट्ट्यातून जात असल्याने वन व वन्यजीवविषयक परवानग्यांत वर्षानुवर्षे गेली. २०१५ साली जबलपूर, नैनपूर आणि बालाघाट यांमधील छोट्या गाड्या बंद झाल्या, आणि संपूर्ण मार्गावरून मोठ्या गाड्या धावू लागण्यास २०२१ साल उजाडले. मंजुरीपासून पाव शतक लोटले आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. मधल्या काळात रानातील स्टेशनांवरून बाजाराला, दवाखान्याला आणि शाळेला जाणाऱ्या माणसांकडे जुनी गाडीही नव्हती आणि नवीही नव्हती.

या दोन कामांची तुलना करून पूर्वीचा काळ बरा होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. छोट्या लाईनीवर जे मजूर राबले, त्यांच्यापुढे दुष्काळ उभा होता. मिळेल त्या मजुरीला नाही म्हणण्याची त्यांना सोय नव्हती. जंगलात राहणाऱ्या गोंड-बैगांना कोणी विचारले नाही आणि वाघाच्या वाटेचा प्रश्न तर कोणाच्या स्वप्नीही नव्हता. रुद्रदामनच्या लेखाची कसोटी लावली, तर तेथे काल आणि कोश साधले, पण प्रजेच्या सदरात मोठी उणीव राहिली. आज मजुराला, वनवासी बांधवाला आणि वन्य प्राण्याला विचारावे लागते हे काळाचे भूषणच आहे. दोष विचारण्यात नाही. काम मंजूर करण्यापूर्वी जे विचारावयाचे, ते काम सुरू झाल्यावर विचारले जाते, यात दोष आहे. तो मार्ग अरण्यातून जातो हे १९०३ पासून सर्वांना ठाऊक होते. मग त्या अरण्याचा विचार मूळ अंदाजात आणि मूळ मुदतीत का धरला नाही, हा प्रश्न उरतोच.

दोन धरणांची कथा

वैनगंगेवर लामट्याच्या बाजूस ढुटी येथे बांधलेला बंधारा १९११ ते १९२३ या काळात पुरा झाला आणि त्याच्या कालव्यांनी बालाघाट व वारासिवनीकडील धानाला पाणी दिले. बारा वर्षे, म्हणजे एक तप, लागले. आता त्याच नदीच्या खोऱ्यातील पुढील दोन कामे पाहावीत.

बावनथडी ही वैनगंगेची उपनदी काही अंतर मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र यांची सीमा होऊन वाहते. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्यप्रदेशात राहिले आणि भंडारा मुंबई राज्यात गेले. त्यामुळे एका नदीचे पाणी दोन दरबारांच्या मर्जीवर आले. १९७५ मध्ये दोन्ही राज्यांचा करार होऊन बालाघाट जिल्ह्यातील कुडवा गावाजवळ धरण बांधण्याचे ठरले. १९८० साली वनसंरक्षण कायदा आला आणि बुडीत क्षेत्रातील जंगलाचा प्रश्न उभा राहिला, काम रखडले, दोन राज्यांचे निधी, भूसंपादन आणि पुनर्वसन यांचे पाऊल एका चालीने कधी पडेना. राजीव सागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयात पाणी साठू लागले, तेव्हा एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक सुरू झाले होते. ढुटीला एक तप लागले, येथे तीन तपे गेली. करारावेळी विशीत असलेला कटंगी किंवा तुमसरचा शेतकरी पाणी आले तेव्हा साठीकडे झुकला होता.

वैनगंगा पुढे भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ येते. तेथील गोसीखुर्द धरणाची कथा अधिक मोठी आणि अधिक दुःखद आहे. या प्रकल्पाला १९८३ साली ३७२ कोटी रुपयांची प्रशासकीय मान्यता मिळाली. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीचे धरण, ३३ दरवाजे, दोन तीरांवर कालवे आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे २,५०,८०० हेक्टर जमिनीस पाणी, असा तो विशाल संकल्प होता. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अंदाजपत्रक पुनःपुन्हा सुधारले गेले आणि २०१६ च्या सुमारास ते १८,४९४ कोटींवर जाऊन पोहोचले. मूळ आकड्याच्या हे जवळजवळ ५० पट होते. भूमिपूजनाला तीन तपे उलटून गेली, तरी ठरलेल्या साऱ्या क्षेत्राला पाणी पोहोचविण्याचे काम पुरे झालेले नव्हते.

येथे न्यायबुद्धीने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. या वाढीतील मोठा वाटा रुपयाच्या घसरणीचा आहे. दुसरा वाटा विस्थापितांना अधिक न्याय्य मोबदला देण्याचा आहे आणि तो वाटा वाढला हे योग्यच झाले. उलट मूळ अंदाजात तो इतका थोडा धरला होता, हीच त्या अंदाजाची लबाडी म्हणावी लागेल. परंतु पन्नास पट वाढ या दोन कारणांनी पुरी होत नाही. धरणाची भिंत पुढे गेली आणि कालव्यांची जमीन मागे राहिली. जमीन ताब्यात येण्यापूर्वी कामांचे ठेके दिले गेले. डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणात दोष निघाले आणि झालेले काम पुन्हा करण्याची पाळी आली. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या संहितेत रीतसर ताब्यात न आलेल्या जमिनीवर काम सुरू करू नये असा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. नियम नव्हता म्हणून हे घडले नाही. भिंत दुरून दिसते, तिच्यासमोर समारंभ करता येतो. खातेदारांच्या याद्या आणि शेतचाऱ्यांचे नकाशे दिसत नाहीत. म्हणून दिसणारे काम आधी झाले आणि न दिसणारे मागे पडले. पाणी मात्र न दिसणाऱ्या कामातूनच शेतात जाते.

जलाशय भरू लागला तेव्हा अनेक गावांतील कुटुंबांनी आपली घरे, देवळे आणि स्मशाने सोडली. ज्या पाण्यासाठी त्यांनी ती सोडली, ते पाणी खालच्या शेतांपर्यंत पोहोचण्यास विलंब झाला, तर त्या त्यागाचे फल कोणाच्याच पदरी पडत नाही. अपुरे राहिलेले पूर्त दोघांचे ऋण करून ठेवते. एक, ज्याने दिले त्याचे. दुसरे, ज्याला मिळावयाचे होते त्याचे.

कोकणातील उदाहरण

सर्वच महत्कार्ये अशी रखडतात असे मात्र नाही. कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी या स्वप्नाचा पाठपुरावा केला आणि ई. श्रीधरन यांनी ते प्रत्यक्षात आणले. ७४० किलोमीटरांहून लांब मार्ग, नव्वदांवर बोगदे, शेकडो पूल आणि कोकणचा पावसाळा. सुमारे ४२,००० खातेदारांच्या जमिनी घ्यावयाच्या होत्या. अधिकाऱ्यांनी गावोगाव, घरोघर जाऊन लोकांशी बोलणी केली, मोबदला तत्परतेने हाती दिला, आणि भूसंपादनाचे काम आश्चर्यकारक वेगाने उरकले. कामाच्या ठिकाणी उरलेले दिवस दाखविणारी उलटी घड्याळे लावली गेली. कौटिल्याचे 'शेष' हे सदर भिंतीवर आले, असेच म्हणावे लागेल.

तेथेही अडचणी आल्या. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन झाले. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुनःपुन्हा ढासळली आणि माणसेही दगावली. पाच वर्षांची मुदत लांबली आणि खर्चही वाढला. तथापि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावरून गाडी धावू लागली. एका पिढीने पाहिलेले काम त्याच पिढीने वापरले. पुढे श्रीधरन यांच्याच नेतृत्वाखाली दिल्ली मेट्रोचा ६५ किलोमीटरांचा पहिला टप्पा १९९८ ते २००५ या काळात, दहा वर्षांच्या मुदतीपेक्षा पावणेतीन वर्षे आधी पूर्ण झाला. पूर्वीच्या कामात जे शिकले ते पुढच्या कामाच्या अंदाजात उतरले, हे त्याचे एक मोठे कारण होय. दुसरे असे, की निर्णय करणारा माणूस एकच होता, तो जागेवर होता आणि काम संपेपर्यंत बदलला नाही. सुविशाख आणि चक्रपालित यांच्या बाबतीतही शिलालेख हेच सांगतात.

मठमंदिरांची कामे

या साऱ्या वृत्तान्ताचा मठाच्या भक्तांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. सभामंडप, धर्मशाळा, अन्नछत्र, पाठशाळा, गोशाळा ही कामे मठमंदिरांच्या आश्रयाने नित्य चाललेली असतात. आकाराने ती धरणाच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण दोष आणि गुण दोन्हीकडे सारखेच. येथे कोश म्हणजे भक्तांचे दान. त्यात श्रीमंताची थैली असते तशी दिवसभर धान लावून आलेल्या मजूर बाईने पदराच्या गाठीतून सोडलेली नाणीही असतात. अंदाज चुकून दुप्पट झाला, तर तो फरक अखेर त्या गाठीतून येतो. उशीर झाला, तर ज्या वृद्ध भक्ताने मंडपासाठी दान दिले, त्याच्या डोळ्यांना तो मंडप दिसत नाही.

म्हणून वरील इतिहासातून जे निष्पन्न होते ते लहान कामासही लावावे. जमिनीचे कागद निर्वेध झाल्याविना कोनशिला बसवू नये, कारण कोनशिलेची घाई हा बहुतेक दिरंगाईचा आरंभ असतो. अंदाजपत्रक करताना अंगण, पाणी, शौचालये आणि मलनिस्सारण यांसारखी न दिसणारी कामे आधी लिहावीत, शिखर शेवटी लिहावे. मोठे काम अशा टप्प्यांत पाडावे की प्रत्येक टप्पा पुरा होताच वापरात यावा; पैसा थांबला तरी झालेले तेवढे पूर्त ठरावे. काम सुरू झाल्यावर मनात आलेली प्रत्येक नवी कल्पना, मग ती कितीही भक्तीने सुचलेली असो, पुढील कामाच्या वहीत लिहावी. चालू कामाचा नकाशा बदलणे म्हणजे उदक सोडल्यावर संकल्प बदलणे होय. मजुराची मजुरी दर आठवड्यास बिनबोभाट द्यावी. मजुरी थकली की चांगले हात दुसरीकडे जातात आणि मुदत त्यांच्याबरोबर जाते. प्राचीन दानपत्रांत देवालयाच्या खंडस्फुटिताच्या, म्हणजे तुटल्याफुटल्याच्या, दुरुस्तीसाठी उत्पन्न राखून ठेवल्याचे उल्लेख वारंवार येतात. तसा देखभालीचा वाटा पहिल्याच अंदाजात धरावा. सुदर्शन तलावही दोनदा फुटला होता.

आणि हिशेब उघडा असावा. अधिकाऱ्यांनी आपापले वार्षिक हिशेब आषाढीस आणून सादर करावेत, असा कौटिल्याचा नियम आहे. आषाढी पौर्णिमा म्हणजेच आपली गुरुपौर्णिमा. त्या दिवशी शिष्यवर्ग गुरुचरणी जमतो. अशा दिवशी जेथे काम चालू असेल तेथे त्याची सहा सदरे, करावयाचे किती, झाले किती, राहिले किती, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, सर्वांसमक्ष वाचून दाखवावीत. ज्याने शंभर रुपये दिले आणि ज्याने एक रुपया दिला, त्या दोघांनाही ती सारखीच ऐकू यावीत.